वाऱ्याला चुकवणारी सायकल

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

वाऱ्यावर मराठीत कविता पुष्कळ झाल्या आहेत. त्या करणाऱ्यांपैकी कितीजणांनी आषाढ महिन्यात पश्चिमेकडे तोंड करून अकरा किलोमीटर सायकल मारली असेल, याबद्दल मात्र मला दाट शंका आहे. कवितेतला वारा सुगंध आणतो, पाने हलवतो, कुणाचा तरी निरोप सांगतो. आमच्याकडचा वारा छातीवर सरळ हात ठेवतो आणि म्हणतो, "कुठे निघालीस? जा मागे."

माणदेशाच्या कडेची आमची जमीन. झाड कमी, माळ फार. जत, ढालगावच्या बाजूला ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या तिथे कुणी हौसेने उभ्या केलेल्या नाहीत. आमचे गाव तालुक्याच्या पूर्वेला आहे आणि महाविद्यालय तालुक्याला. म्हणजे जून ते ऑगस्ट रोज सकाळी वारा तोंडावर आणि संध्याकाळी पाठीवर. जाताना मला पंचावन्न मिनिटे लागतात, येताना पस्तीस. रस्ता तोच, सायकल तीच, पाय तेच. ही वीस मिनिटे कोण खाते, हे कळायला पुस्तकाची गरज नाही.

या वीस मिनिटांवरून आमच्या घरात एकदा मोठा प्रसंग उभा राहिला. मी प्रथम वर्षाला होते. जुलैत एके दिवशी भिजून, दमून, मातीने माखून घरी आले आणि जेवता जेवता ताटावरच डुलकी लागली. काका म्हणाले, "एवढा तरास कशापायी? बाहेरनं परीक्षा दे की. पुस्तक तेच, पेपर तेच. रोज जाऊन तिथं काय येगळं देत्यात?" काका वाईट माणूस नव्हेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. वर्गात बसून माणसाला काय मिळते, हे घरात कुणी पाहिलेलेच नाही, तेव्हा त्यांचा प्रश्न तर्काला धरूनच होता. मला त्याचे उत्तर देता आले नाही. वर्गात काहीतरी मिळते एवढे मला ठाऊक होते. पण ते काय, हे ताटावर बसून सांगता येईना. आई भाकरी थापत राहिली. अण्णा उठून बाहेर गेले आणि माझ्या सायकलच्या चेनला तेल घालू लागले.

अण्णांचे फाट्यावर सायकलचे दुकान आहे. दुकान म्हणजे लिंबाखाली चार पत्रे, हवेचा पंप, पाण्याची घमेली आणि वर टांगलेली जुनी टायरे. एके काळी तिथे तासावर भाड्याने द्यायला चौदा सायकली होत्या. आता दोन उरल्या आहेत आणि त्याही कुणी नेत नाही. आता येतात ती मोटारसायकलची पंक्चर. माझी सायकल अण्णांनी स्वतः जुळवलेली आहे. सांगाडा ॲटलासचा, पुढचा चिमटा दुसऱ्या कुठल्या सायकलचा, मागचे चाक तिसऱ्याच कुणाचे. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद पडला. त्याच तारखेला जगभर सायकल दिन पाळतात, ही गोष्ट मी अण्णांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. सांगाड्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "लोखंड चांगलं वापरायचे."

आता खऱ्या विषयाकडे येते. यंदा आम्हांला भूगोलाच्या तासाला नेदरलँड्सचे पोल्डर शिकवले. समुद्राला बांध घालायचा, आतले पाणी उपसून टाकायचे आणि उघड्या पडलेल्या तळावर शेती करायची, गावे वसवायची. फ्लेव्होलँड नावाचा त्यांचा अख्खा प्रांत असा मिळवलेला आहे. त्याचा पूर्वेकडचा भाग १९५७ साली कोरडा झाला. सरांनी भिंतीवरच्या नकाशात ड्रॉन्टेन हे गाव दाखवले आणि म्हणाले, "इथे आज जो माणूस गव्हात उभा आहे, त्याच्या आजोबांच्या काळी तिथे मासे होते." हे वाक्य मला इतके आवडले की, मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर ड्रॉन्टेनची चित्रे पाहू लागले. सपाट, आखल्यासारखे सरळ रस्ते, ढगांनी भरलेले आभाळ. आणि एका रस्त्यावर पिवळी, लांबट, पुढून गोल आणि मागे निमुळती होत गेलेली एक वस्तू. आधी वाटले, विमानाचा पंख तुटून पडला असावा. नीट पाहिले तर वरच्या भोकातून एका आजोबांचे डोके बाहेर आलेले, आणि आजोबा मजेत हसत होते.

तिला व्हेलोमोबिल म्हणतात. व्हेलो म्हणजे फ्रेंचमध्ये सायकल. आत इंजिन नाही, पेट्रोल नाही. पायडल मारायचे आणि जायचे, म्हणजे सायकलच. पण बसणारा त्यात बसत नाही, आरामखुर्चीत रेलावा तसा रेलतो आणि पाय पुढे पसरून पायडल मारतो. पुढे दोन चाके, मागे एक. भोवती पातळ कवच, बहुधा कार्बनच्या धाग्यांचे किंवा काचतंतूंचे. वजन वीस ते पस्तीस किलोच्या आसपास, म्हणजे अण्णांच्या दुकानातल्या दुधाच्या कॅन लावायच्या सायकलीहून फार जास्त नाही. डोक्यावर टोपण घातले की बाहेर फक्त गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

आणि वेग! साधारण अंगाचा, रोज चालवणारा माणूस सपाट रस्त्यावर ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरने जातो, तेही कुस्ती न खेळता. हे वाचून मी मोबाईल बंद केला आणि पुन्हा उघडून तेच वाचले. मी ताशी बारा किलोमीटरने महाविद्यालयात येते.

यात जादू काही नाही. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला, तरी एवढे मी समजून घेतले आहे. सायकलवाल्याचा खरा वैरी रस्ता नसून हवा आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तो विरोध दुप्पट वेगाने तोडायचा म्हणून लागणारी ताकद आठपट. मी माझाच हिशेब मांडला. माझा वेग बारा, समोरचा वारा अठरा धरला, तर हवेच्या लेखी मी ताशी तीसने येते आहे. बाराच्या अडीचपट. अडीच गुणिले अडीच म्हणजे सव्वासहा. वारा नसतानाच्या सहापट विरोध ढकलत मी आठवडाभर मराठी आणि अर्थशास्त्राच्या तासांना येत होते. हा आकडा वहीत लिहिल्यावर मला उगाच बरे वाटले. दमणे हा माझा दुबळेपणा नव्हता. तो सव्वासहा होता.

सरळ बसलेला माणूस हवेला भिंतीसारखा आडवा येतो. व्हेलोमोबिल माणसाला आडवा करते आणि भोवती माशाचा आकार देते. पुढे गोल, मागे निमुळता. हवा फाटते आणि मागे पुन्हा जुळते, भोवरे फारसे उठत नाहीत. मागचा भाग निमुळता असणे हे पुढच्या टोकाइतकेच महत्त्वाचे आहे, हे मला नवीनच कळले. आपल्याला वाटते वारा समोरून अडवतो. तो मागूनही ओढत असतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी दुकानावर थांबले आणि अण्णांना चित्रे दाखवली. माझी कल्पना होती की ते म्हणतील, "गोऱ्या लोकांची थेरं." त्यांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "चेन कुठनं गेलीय?" मी शोधले. चेन लांबच्या लांब, पुढच्या पायडलपासून मागच्या चाकापर्यंत कवचाच्या आतून, कप्प्यांवरून जाते. "म्हंजे माती न्हाई लागत," अण्णा म्हणाले. "वर्स वर्स टिकंल." दुसरा प्रश्न, "बिरेक?" पुढच्या दोन चाकांच्या तुंब्यांत, मोटारसायकलच्या ड्रमसारखे. तिसरा प्रश्न, "पंक्चर झाली तर ह्यो सगळा डबा उचलायचा का?" याचे उत्तर शोधायला दोन दिवस लागले. पुढची चाके एकाच बाजूने आसावर बसवलेली असतात, दुसरी बाजू मोकळी. म्हणून चाक न काढताही टायर उतरवून पंक्चर काढता येते. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे ज्यानं केलं त्यो स्वता पंक्चर काढलेला माणूस आसनार."

परीक्षेत मला पहिल्या वर्गाचे गुण मिळाले तेव्हा अण्णांनी सगळ्या फाट्याला पेढे वाटले होते. पण माझ्या शिक्षणातली एखादी गोष्ट त्यांनी समोर बसून उलटतपासणी करून घेतली, ती ही पहिलीच. त्यानंतर रोज संध्याकाळी मी काहीतरी वाचून जायचे आणि ते पान्हा हातात धरून ऐकायचे.

मी त्यांना शार्ल मोशेची हकिकत सांगितली. हा फ्रान्समधला माणूस, लहान हलक्या मोटारी बनवणारा. त्याच्या मुलाला, झॉर्झला, सायकल हवी होती. आईला सायकलची भीती वाटे. तेव्हा बापाने मुलासाठी चार चाकांची, पायडलची छोटी गाडी केली, असे सांगतात. मुलगा त्या गाडीतून सायकलवाल्या पोरांना मागे टाकू लागला. मग मोशेने मोठ्यांसाठी दोघांनी शेजारी बसून चालवायची गाडी काढली आणि तिला व्हेलोकार नाव दिले. मोटार न परवडणाऱ्या लोकांनी ती घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा पॅरिसच्या रस्त्यांवर अशा गाड्यांना दिवस आले.

मधे एक गोष्ट घडली, ती अण्णांना फार लागली. मोशेने व्हेलोकारच्या धर्तीवर दोन चाकांची, रेलून चालवायची सायकल केली. तिला कवच नव्हते, नुसते बसणे आडवे. फ्रान्सी फोर नावाचा एक शर्यतवाला तिच्यावर बसला. तो काही पहिल्या फळीतला गडी नव्हता. ऑस्कर एग या नामांकित स्वाराने १९१४ साली एका तासात ४४.२४७ किलोमीटर जाऊन विक्रम केला होता आणि तो एकोणीस वर्षे कुणाला हलला नव्हता. १९३३ च्या ७ जुलैला पॅरिसमध्ये फोर एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. झाले! सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघाची बैठक बसली. ही सायकल आहे की नाही, यावर खल झाला, आणि १९३४ च्या १ एप्रिलपासून शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली की, मोशेची सायकल तिच्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी मोशे वारला. त्याच्या मुलाने काम सोडले नाही. १९३९ च्या मार्चमध्ये फोर पुन्हा बसला, या वेळी सायकलला पूर्ण कवच होते, आणि तासाभरात ५०.५३७ किलोमीटर गेला. पुढे आडोशाला कुणी न धरता स्वतःच्या पायांवर तासाला पन्नास ओलांडणारा तो पहिला. पण अधिकृत वहीत त्याची जागा नाही.

"म्हंजे गडी हरला न्हाई म्हणून गाडी बाद केली," अण्णा म्हणाले. मी त्यांना दुसरी बाजूही सांगून पाहिली, की शर्यत माणसांची असते, यंत्रांची नव्हे, वगैरे. त्यांनी ती ऐकून घेतली. मग पंक्चरला आलेल्या माणसाला, ओळख ना देख, फ्रान्सी फोरची सगळी हकिकत सांगितली. पन्नास पॉइंट पाच हा आकडा त्यांनी बरोबर सांगितला.

तिथून पुढचा इतिहास मी भराभर सांगते. स्वीडनमध्ये युद्धाच्या सुमारास 'फँटम' नावाच्या अशा गाडीचे नकाशे विकत मिळत. हजारोंनी घेतले, गाडी पुरी करणारे मात्र थोडे. डेन्मार्कमध्ये कार्ल गेऑर्ग रासमुसेन नावाच्या अभियंत्याने १९८० च्या सुमारास 'लाइट्रा' ही बंदिस्त तीनचाकी केली. ज्यांना फक्त वेगच हवा, त्यांची तऱ्हा निराळी. अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर टॉड रायखर्ट या कॅनडाच्या माणसाने २०१६ साली बंदिस्त दुचाकीत ताशी १४४ किलोमीटर गाठले. ती रस्त्यावर दळण आणायला न्यायची गाडी नव्हे. तिला चढवायला आणि उतरवायलाही माणसे लागतात. मला त्यात गोडी वाटली नाही. २०११ साली पन्नासच्या आसपास व्हेलोमोबिलवाले अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पोर्टलंडपासून वॉशिंग्टनपर्यंत आडवा देश तुडवीत गेले, ते मला अधिक जवळचे वाटतात. ते कुठेतरी पोचायला निघाले होते.

पण अण्णांच्या मनात बसली ती 'आलेवेडर'. डच भाषेत याचा अर्थ कोणतेही हवामान. बार्ट फरहेस या माणसाने ती आखली आणि १९९० नंतरच्या वर्षांत ड्रॉन्टेनच्याच एका सायकल कारखान्याने विकायला काढली. कार्बन वगैरे काही नाही. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, विमानाच्या अंगाप्रमाणे रिव्हेटांनी जोडलेले. आणि तिचे सुटे भागही मिळत. घेणाऱ्याने घरी न्यायचे आणि स्वतः रिव्हेटा मारून गाडी उभी करायची. हे ऐकताच अण्णा म्हणाले, "रिव्हिट मला मारता येतंय." त्याच गावात पुढे 'क्वेस्ट' ही गाडी झाली, तिच्यापासून हा प्रकार खरा वेगवान झाला, पण अण्णांना क्वेस्टचे काही वाटले नाही. पत्रा आणि रिव्हेट ही त्यांच्या ओळखीची माणसे होती.

मग यंदाच्या जुलैत आम्ही एक प्रयोग केला. कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फाट्यावर फाटून लोंबत होता. अण्णांनी तो आणला, कळकाच्या कामट्या वाकवून सायकलच्या पुढे, हँडलपासून चाकाच्या आसापर्यंत, नांगराच्या फाळासारखा सांगाडा केला आणि त्यावर फ्लेक्स ताणून बसवला. कोरी बाजू बाहेर घ्या म्हणून मी विनवले, पण मग शिवण उलटी येत होती. शेवटी नेत्यांचा अर्धा चेहरा आणि "हार्दिक" एवढा शब्द पुढे घेऊन मी निघाले. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी पन्नास, तिसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. वारा रोज सारखा नसतो, म्हणून याला शास्त्र म्हणता येणार नाही; पण सात मिनिटे म्हणजे सात मिनिटे. मागचा निमुळता भाग नव्हता, नुसते नाक होते, तरी एवढे.

चौथ्या दिवशी ओढ्याच्या पुलाजवळ, जिथे रस्ता दक्षिणेला वळतो, तिथे वारा आडवा आला. समोरून येणारा वारा फाडणारे ते नाक आडव्या वाऱ्याला शीड झाले. सायकल एकदम डावीकडे फेकली गेली. मी पाय टेकला म्हणून बरे. पुढे कठडा नाही. घरी हे सांगितल्यावर अण्णांनी त्याच संध्याकाळी कामट्या काढल्या आणि कामट्या सोडता सोडता मला समजावून सांगितले, "म्हणून त्येनी तीन चाकं केली. आन् म्हणून माणूस जमिनीला चिकटून बसवला." मी नंतर वाचले तेव्हा तसेच निघाले. व्हेलोमोबिललाही आडवा वारा ढकलतोच. पण बसणारा जमिनीपासून दीड वीतभर उंच, भार खाली, चाके तीन. अण्णांनी हे कुठे वाचले नव्हते.

त्याच सुमारास काकांनी मागल्या वर्षीचा प्रश्न पुन्हा काढला. आता तर पोरगी पुलावरून पडता पडता वाचली, हे नवे कारण त्यांच्या हातात होते. मी काही बोलायच्या आधी अण्णाच म्हणाले, "घरी बसून पुस्तक वाचती ती. पर प्वाल्डरचं तिला कुणी सांगितलं आसतं? आन् ती मला इचाराया आली आसती का?" काकांना पोल्डर म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. अण्णांनी ते त्यांना चुलीजवळच्या राखेत बांध काढून, त्यात पेल्याने पाणी ओतून समजावून सांगितले. त्यातले काही चुकले होते, पण मी मधे बोलले नाही. बाहेरून परीक्षेचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला. पुढच्या जुलैत तो पुन्हा निघेल.

एक गोष्ट मुलींच्या बाजूने सांगायची आहे. मुलांनी ती वाचली तरी हरकत नाही. वाऱ्यात कमी दमायचे तर हँडलवर ओणवे व्हावे, हे प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक आहे. पण अकरा किलोमीटर रस्त्यावर ओणवी होऊन सायकल मारणारी मुलगी कशी पाहिली जाते, ते मुलींना ठाऊक आहे. म्हणून मी छाती ताठ ठेवून सव्वासहापट वारा खात जाते. व्हेलोमोबिलचे चित्र पाहिल्याबरोबर माझ्या मनात आलेला पहिला विचार वेगाचा नव्हताच. टोपण बंद केले की आत कोण आहे ते दिसत नाही, हा होता. आत बसून मी रडेन, गाणे म्हणेन, ओढणीचे भान ठेवणार नाही, आणि रस्त्याला त्याचा पत्ता लागणार नाही. नंतर वाचत गेले तेव्हा कळले की, खुद्द त्यांच्या देशातही व्हेलोमोबिल उभी राहिली की भोवती माणसे जमतात. लोक वाकून आत पाहतात, प्रश्न विचारतात. नजर चुकवणारी म्हणून जी गाडी मला आवडली, ती तर बघ्यांची जत्रा भरवणारी निघाली. तरी मला वाटते, लोक गाडीकडे पाहतील. गाडीकडे पाहणे आणि माझ्याकडे पाहणे यांत फरक आहे, आणि तो फरक मला चालेल.

भूगोलाच्या विद्यार्थिनीने स्वप्नातही उष्णतामान विसरू नये. आपले स्नायू जी ताकद खर्चतात, तिच्यातली साधारण चौथाई पायडलला मिळते. बाकीची अंगातून उष्णता होऊन बाहेर पडते. डच थंडीत आणि पावसात बंद कवचात ती ऊब सुखाची. आमच्याकडे एप्रिलात सावलीत बेचाळीस अंश. त्या कवचात माझी उकड होईल. शिवाय ती गाडी जमिनीला लागून चालते; आमच्या रस्त्यावरचा एक गतिरोधक तिच्या पोटावरून कार्बनची साल काढून ठेवील. चढावर वजन नडते आणि कवचाचा फायदा मिळत नाही, म्हणजे घाटात तिचे काही खरे नाही. लांबी अडीच मीटरच्या पुढे. आमच्या गल्लीत ती वळायची नाही, तिला उचलूनच फिरवावी लागेल. आणि किंमत कित्येक हजार युरोंची. त्या पैशात गावात चारचाकी मोटार येते, आणि लोक मोटारच आणतील.

तेव्हा ही गाडी ड्रॉन्टेनलाच का फुलली, याचे उत्तर जमिनीत आहे. सपाट समुद्रतळ, चढ नाही, वारा बेफाम, थंडी, पाऊस, आणि सायकलसाठी वेगळे, गुळगुळीत रस्ते. हे सगळे एका ठिकाणी आले तिथे ती उगवली. आम्हांला निसर्गवाद आणि संभववाद शिकवताना नेहमी एस्किमोंच्या घराचे उदाहरण देतात. यापुढे उत्तरपत्रिकेत मी व्हेलोमोबिलचे देणार आहे. सरांनी गुण कापले तर कापोत. कारण निसर्गवाद्याने कितीही सांगितले की ती माणदेशात होणार नाही, तरी फाट्यावर लिंबाखाली एक संभववादी बसलेला आहे.

त्याने अलीकडे एका बंद पडलेल्या दुकानाची ॲल्युमिनियमची पाटी विकत आणून पत्र्याच्या मागे ठेवली आहे. आईने ती पाहिली आहे. काकांनी अजून पाहिलेली नाही. पूर्ण कवच नको, असे त्याचे मत आहे. उन्हाळ्यासाठी वरचा भाग उघडा, नाक आणि शेपूट पत्र्याची, पोट एक वीत उंच, आणि लांबी गल्लीच्या मापाने. मागचे चाक सायकलचे चालेल. पुढची दोन चाके एकाच बाजूने धरणारा आस कुठून आणायचा, हा प्रश्न आहे. सायकलचा आस दोन्ही बाजूंनी धरलेला असतो. एका बाजूने धरला तर वाकेल. अण्णांनी जुन्या व्हीलचेअरचे चाक आणून पाहिले, ते बारीक निघाले. स्कूटरचा आस चालेल, पण तो जड आहे आणि त्याचा तुंबा सायकलच्या रिमला बसत नाही. तारांची भोके नव्याने पाडावी लागतील. सध्या आम्ही तिथे अडलो आहोत.